धुऱ्यावर कोण बसणार?

शकुनबाईच्या टोळीत बाया पुष्कळ होत्या, पण रोवणीत धुरपताच्या बरोबरीनं कुणी टिकत नसे. डाव्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे भाताच्या रोपांची, पेंडी, उजव्या हातानं दोन-तीन काड्या वेगळ्या करायच्या, अंगठ्यानं चिखलात दाबायच्या आणि मागे सरकायचं. काडी आडवी पडली तर ती काडी रोवली असं धुरपता मानत नसे. ती पुन्हा उचलायची. तरीही दुसरीची पात अर्ध्यात असताना हिची टाच मागच्या धुऱ्याला, मातीच्या बांधाला, लागलेली असायची.

धानाची रोवणी उलट्या पावलांनी होते. तोंड रोवलेल्याकडे, पाठ राहिलेल्याकडे. बाया बांधीच्या, पाणी भरलेल्या शेततुकड्याच्या, एका धुऱ्यापाशी ओळीनं उतरतात आणि वाकून मागे मागे सरकत दुसऱ्या धुऱ्यापर्यंत जातात. ज्या बाईनं जेवढी रुंदी धरली ती तिची पात. दुसरीच्या पातीत हात घालायचा नाही, हा टोळीचा कायदा. तो मोडला की भांडण.

धुरपताला आणखी एक खोड होती. तिला प्रश्न पडत. करडी गावच्या चक्कीवर दळण न्यायची, तर पीठ घेऊन सरळ घरी येणं तिला जमत नसे. पट्टा एवढा गरगर फिरतो तर सुटत काहून नाही? चक्कीवाला ताराचंद म्हणाला, "बाई, पीठ घे आन जा." पुढच्या खेपेला तिनं तेच विचारलं. तिसऱ्या खेपेला त्यानं कंटाळून चक्की बंद केली आणि पट्टा हातात देऊन दाखवला. नवरा तुलाराम म्हणायचा, "हिच्या तोंडात दाताइतके सवाल हायेत. दात पडतीन, सवाल नाई पडाचे."

सत्त्याहत्तरच्या रोवणीत तिला जो प्रश्न पडला तो मात्र चक्कीच्या पट्ट्याइतका सोपा नव्हता. तो तिच्या लेकीचा, मंदाचा होता.

मंदा चौथीत होती. तिसरीत ती दोन वर्षं होती. डोकं कमी म्हणून नाही. रोवणी लागली की आईच्या लहानग्या लेकराला धरायला तिला शेतावर जावं लागे. रोवणी संपली की निंदण, मग कापणी, मग चुरणी. अधेमधे ती शाळेत जाई तेव्हा पोरं तीन धडे पुढे गेलेली असत. या वर्षी खुशाल गुरुजींनी तुलारामला वाटेत थांबवून सांगितलं होतं, "पोरगी मोठी झाली. या साली रोवणीतही शाळेत आली आन परीक्षेले बसली तं ठीक. नाई तं मले तिचं नाव काढावं लागते." तुलारामनं घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं आणि वर म्हणाला, "मंग डोम्याले कोन धरन?" डोमा त्यांचा धाकटा, नुकता बसायला लागलेला. घरात सासू नव्हती, जाऊ नव्हती.

एका दुपारी टोळी शिदोरी सोडून धुऱ्यावर बसली होती. धुरपताचा घास हातातच राहिला. तिच्यासमोर धुऱ्यावर पोरींची रांग होती. प्रत्येकीच्या कडेवर एकेक लेकरू. कमरेतून एका बाजूला कललेल्या, पाय बदलत उभ्या असलेल्या.

"एका लेकरामागं एक पोरगी कायले लागते वो?" ती म्हणाली.

"मंग काय बाप्पा, दोन पायजे?" देवकाबाई म्हणाली. देवकाची जीभ टोळीत सर्वांत तिखट होती. तिचंही लेकरू अंगावर पीत होतं.

"तसं नाई. पेंड्या फेकाले एका बाईमागं एक मानूस ठेवते का आपन? एकटा तुलाराम साऱ्या बांधीले पेंड्या पुरवते. मंग लेकरं धराले एक बाई नाई पुरत का?"

"पेंडी हागत नाई, मुतत नाई," देवका म्हणाली. सगळ्या हसल्या.

शकुनबाई हसली नाही. टोळी तिची. शेतकऱ्याशी बोलून एकराच्या हिशेबानं ठेका तीच घ्यायची, आणि ओळीतली कडेची पातही मानानं तिची. तिच्या लेकी केव्हाच सासरी गेल्या होत्या. ती म्हणाली, "एक बाई धुऱ्यावर बसली म्हंजे एक हात कमी. तिची पात कोन रोवन?"

"साऱ्या जनी वाटून घ्या."

"आन तिचा वाटा?"

"पुरा द्याचा. पोरी शाळेत जातीन."

मग एकजण म्हणाली, माही पोरगी तं दुसरीतच सुटली. दुसरी म्हणाली, बसून खाणारीले वाटा कायचा? तिसरी म्हणाली, बसून पाय वो, पाच लेकरं घेऊन, मंग समजन बसनं काय असते ते. शकुनबाईनं पाण्याचा गडवा तोंडाला लावला, पदरानं तोंड पुसलं आणि निकाल दिला.

"परवा खुशाल गुरुजीच्या बांध्या हायेत. तठी करून पाहू. जिनं काढलं तिनंच बसाचं."

"काकी, मी?" धुरपता म्हणाली. "माहा हात..."

"तुहाच हात. दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन पाहाचं नाई."

धुरपतानं मान डोलावली. ते न्यायाचं होतं.

गुरुजींचं शेत टोली गावाला लागूनच होतं. त्या दिवशी सकाळी पोरी पाट्या घेऊन शाळेच्या रस्त्याला लागल्या आणि लेकरं धुरपताच्या स्वाधीन झाली. पलीकडच्या धुऱ्यावर मोहाचं झाड होतं. सावली चांगली. धुरपतानं झाडाखाली पोती अंथरली आणि सगळी लेकरं एका ओळीत निजवली, बांधीत काड्या रोवाव्या तशी, सारख्या अंतरावर. ओळ सुंदर दिसत होती. मग एक उठलं. त्याच्या आवाजानं दुसरं. ओळीचा फायदा एवढाच झाला की रडणं या टोकाकडून त्या टोकापर्यंत न चुकता पोचलं.

तिनं एकाला उचललं, दुसऱ्याला मांडीवर घेतलं, तिसऱ्याला पायानं झोका दिला. बाया चिखलातून माना वळवून मागे पाहू लागल्या. ज्या बाईचं लेकरू रडे तिचा हात थांबे, आणि एकीचा हात थांबला की सगळी ओळ अडे.

"काहून वो धुरपता," देवका ओरडली, "पेंड्या हायेत का लेकरं?"

खुशाल गुरुजी काळी छत्री उघडून बांधीच्या कोपऱ्यावर उभे होते. त्यांनी कपाळाला आठी घातली.

धुरपता घाबरली नाही. तिला नवल वाटलं. भूक नव्हती, आत्ताच तर आया पाजून गेल्या होत्या. मुंग्या नव्हत्या. मग काय? तिनं डोम्याला मांडीवर उलटं-सुलटं करून पाहिलं. बांधीकडे तोंड केलं की तो एक क्षण थांबे, पाही, आणि पुन्हा भोकाड पसरे. ती त्याच्या नजरेच्या रेषेत खाली वाकली आणि तो पाहत होता ते तिनंही पाहिलं. नुसत्या पाठी. बाया उलट्या सरकत याच धुऱ्याकडे येत होत्या. वाकलेल्या कमरा, खोचलेली लुगडी. एकीचंही तोंड दिसत नव्हतं.

"अवो!" ती स्वतःशीच म्हणाली.

तिनं तुलारामला हाक मारली. त्यानं कुरकुर करत पळसाच्या फांद्या तोडून आणल्या. समोरच्या धुऱ्यावर, जिथून बाया रोवायला उतरल्या होत्या तिथं, त्या दोघांनी फांद्यांचा ठेंगणा मांडव उभा केला. पोती तिकडे गेली, लेकरं तिकडे गेली. या वेळी तिनं ओळ केली नाही. जे रडकं ते निजलेल्यापासून दूर, जे बसतं ते पुढे. आता बायांची तोंडं त्यांच्याकडे होती. कुणी मान वर केली की लेकराला आपली आई दिसे. एकेक करून आवाज खाली बसले. डोमा मुठीत पळसाचं पान धरून ओळीकडे टक लावून बसला.

अंगावर पिणाऱ्यांच्या आया पाळीपाळीनं वर येत, पाजत आणि परत उतरत. ओळ अडत नव्हती. धुरपताला काम सापडल्यासारखं वाटलं. मग तिचं लक्ष गुरुजींकडे गेलं. ऊन चढलं होतं. शाळेची वेळ टळून गेली होती, आणि गुरुजी छत्रीखाली होते तिथंच होते.

ती विचारणार तोच धुऱ्यावरून पोरी पळत आल्या. पुढे मंदा.

"माय, शाळेले कुलूप हाये!" ती ओरडली आणि कोपऱ्यावर गुरुजी पाहून जागच्या जागी थांबली. मागच्या पोरी तिच्यावर आपटल्या. "नमस्ते गुरुजी," मंदा सवयीनं म्हणाली.

बांधीत कुणीतरी फिसकन हसलं.

गुरुजींनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. टोलीची शाळा एका मास्तराची होती. कुलूप त्यांचं, किल्ली त्यांची. ते वाईट माणूस नव्हते. पोरांना मारत नसत.

"रोवणीत कोन येते शाळेत?" ते म्हणाले. "दरसाल दोन-तीन पोट्टे येते आन बसल्या बसल्या झोपते. पऱ्हे जून होऊन राहिले माहे. दोन दिवसांचं काम हाये."

"तुमीच तं सांगतलं गुरुजी, रोवणीत शाळेत धाडा म्हनून," धुरपता म्हणाली.

"सांगतलं. पन येतीन असं कोठी वाटलं मले?"

हे खरं होतं, त्यामुळे त्यावर भांडता येत नव्हतं. धुरपतानं दुसरीकडून विचारलं.

"गुरुजी, रोवतो आमी. पेंड्या फेकते तुलाराम. मंग तुमी अठी काहून उभे?"

ओळीतले हात थांबले. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते कुणी उघड बोलत नसे. ठेक्याची रोवणी लवकर संपवली तर टोळीला दुसरं शेत लवकर मिळतं. मालक धुऱ्यावर नसला की काड्यांमधलं अंतर वाढतं. काठाकाठानं घट्ट, मधोमध पातळ. वरून पाहणाऱ्याला हिरवंच दिसतं, कापणीला कळतं.

"आता काय सांगू," गुरुजी म्हणाले. "मी गेलो का तुमी पातळ रोवान."

"आमी?" शकुनबाई कंबर सरळ करून म्हणाली. "शकुनच्या टोळीले म्हनता?"

"मी पाहीन," धुरपता मध्येच म्हणाली. "मी अठी बसूनच हाव. तुमच्या जागी मी पाहीन."

"तू त्यायचीच."

"हाव. म्हनूनच मले मालूम हाये, कोन कोठी पातळ रोवते ते."

गुरुजींना हसू आलं. बांधीतल्या बायांना आलं नाही. देवका म्हणाली, "घ्या! लेकरं सांभाळाले ठेवली, हे तं आमालेच सांभाळून राहिली."

गुरुजींनी बांधीकडे पाहिलं, पोरींकडे पाहिलं. मंदा पाटी छातीशी धरून उभी होती. शेवटी त्यांनी छत्री मिटली.

"संध्याकाळी येऊन मंधात उतरीन. पातळ दिसलं तं उद्या मी अठी आन शाळेले कुलूप. मंग परीक्षेचं मले नोको सांगजा."

ते निघाले. पोरी त्यांच्या मागून गेल्या. धुरपता त्या वळणाआड जाईपर्यंत पाहत राहिली. मग तिनं नजर बांधीत आणली, आणि ती नजर आता निराळी होती. मंदाची चौथी तिच्यापुढे काडीकाडीनं चिखलात रोवली जात होती.

दुपार झाली. तीच रोवणी धुऱ्यावरून पाहणं हे निराळं काम असतं, हे तिला कळलं. वाकलेल्या बाईला स्वतःच्या हातापुरतं दिसतं. बसलेलीला सगळी बांधी दिसते. बायांनी चिडून घट्ट रोवलं होतं, काम चोख होतं. फक्त कडेच्या पातीत, बांधीच्या मधोमध, पाणी जास्त दिसत होतं. काडी, मग मोठी जागा, मग काडी. पुढे तर हातभर मोकळं.

ती पात शकुनबाईची होती.

धुरपताला पटेना. शकुनबाईशेजारी तिनं किती रोवण्या काढल्या होत्या. त्या हाताचं पातळ काम तिनं कधी पाहिलं नव्हतं. रागानं करते का? गुरुजीवरचा राग? माझ्यावरचा? पण रागाची माणसं भरभर रोवतात. शकुनबाई तर हळू रोवत होती.

देवका पाजायला वर आली तेव्हा धुरपता म्हणाली, "लेकरायकडं पाय वो थोडं," आणि लुगडं खोचून चिखलात उतरली. शकुनबाईच्या पातीपाशी जाऊन ती वाकली, एक सुटी पेंडी उचलली.

"माह्या पातीत हात घालतेस?" शकुनबाई हळूच म्हणाली. हळू म्हणाली, तेच जास्त धारदार होतं.

"काकी, अठी सुटलं."

"कोठी?"

"हे काय समोर."

शकुनबाईनं हात पुढे केला. तो हात सुटलेल्या जागेवर गेला नाही. तो पाण्यात चाचपला, एका काडीला लागला, पुन्हा चाचपला. धुरपता त्या हाताकडे पाहत राहिली. विचारावं की नाही, हा प्रश्न तिला आयुष्यात क्वचितच पडला असेल, तेव्हा पडला.

"काकी, दिसत नाई का तुले?"

"चूप." शकुनबाईनं मान खालीच ठेवली. "सकारी दिसते. ऊन आलं का पानी चमकते, सारं पांढरं होते."

"कवापासून?"

"मांगच्या कापणीपासून."

"मंग आतापावतर कशी रोवत होतीस?"

"तू बाजूले राहात होतीस ना. तुही लाईन काळी काळी दिसते, घट्ट राहते म्हनून. तुह्या काडीच्या बाजूले काडी लावत गेली का जमते. आज बाजूले देवका. तिची लाईन सापासारखी."

धुरपताचे हात पाण्यातच राहिले. तिनंच स्वतःला ओळीतून काढलं होतं. लेकरांचा हिशेब केला, हातांचा केला, पण आपल्या पातीवर दुसरी पात टेकलेली आहे हे तिला कुठं ठाऊक होतं!

"काकी, तू धुऱ्यावर बस. मी तुही पात घेईन."

"आन टोळी काय म्हनन? बुढी झाली म्हनन. उद्या ठेका बोलाले गेली तं शेतकरी म्हनन, आंधळीची टोळी." तिनं पेंडी घट्ट धरली. "माही टोळी हाये. मी अठीच राहीन."

तिचंही खरं होतं. टोळीत हात थांबला की नाव थांबतं. पण ऊन कलायला वेळ होता आणि पाणी चमकतच होतं. धुरपतानं वर पाहिलं. मांडवाखाली देवकाचं लेकरू पोटभर पिऊन हसत होतं.

"काकी वो!" धुरपता साऱ्या बांधीला ऐकू जाईल अशी ओरडली. "देवकाचं लेकरू पाय आखडून राहिलं! मले नाई समजत. तुले समजते. तू वर जाय, मी तुह्या पातीत उभी राहीन तवरिक."

देवकानं तोंड उघडलं. हसणाऱ्या लेकराकडे पाहिलं, धुरपताकडे पाहिलं, मग शकुनबाईच्या पातीतल्या मोकळ्या पाण्याकडे पाहिलं. तिनं उघडलेलं तोंड मिटलं आणि लेकरू पदराखाली झाकलं.

"हाव वो काकी," ती म्हणाली, "या लवकर. लयच आखडून राहिला मेला."

शकुनबाई जागची हलेना. मग तिनं हातातली पेंडी धुरपताच्या हातात दिली. "पोट चोळाचं असते उजवीकडून," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आजकालच्या बायायले काईच मालूम नाई." आणि पाय ओढत ती धुऱ्याकडे गेली.

धुरपतानं आधी मागचं भरलं, मग पुढचं घेतलं. सुटलेली जागा भरणं हे रोवण्यापेक्षा कठीण. पाय ठेवायला जागा नसते, रोवलेली काडी उखडते. कंबर धरली. वरून शकुनबाईचा आवाज येत होता. लेकराला दटावत होती, ओळीलाही दटावत होती. "देवके, तुही लाईन दुरूनही वाकडीच दिसते!" धुऱ्यावर बसून टोळी हाकता येते, हे तिला अर्ध्या तासात समजलं होतं. पाजायला कुणी वर येई, ती खाली जाताना ताठ होऊन जाई.

संध्याकाळी गुरुजी आले. धोतर वर घेऊन खरंच बांधीच्या मधोमध उतरले. काड्यांच्या दोन चुडांमध्ये वीत ठेवून पाहिली, इकडे पाहिली, तिकडे पाहिली. कडेच्या पातीपाशी थांबले.

"हे मागून भरलं."

"भरलं," धुरपता म्हणाली. "सुटलं होतं."

"कोनाची पात?"

"माही," धुरपता म्हणाली.

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं. सकाळी ती धुऱ्यावर होती हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. वाकून त्यांनी एक काडी ओढून पाहिली. निघाली नाही. ते पाय धुवून, उद्याचं काही न सांगता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी धुरपता शेताकडे सरळ गेली नाही. शाळेवरून गेली. दार उघडं होतं. ती आत कधी गेली नव्हती; आजही गेली नाही. खिडकीशी उभी राहिली. आत काय चालतं, तिथं बसून माणसाला नेमकं काय लागतं, हे तिला पाहायचं होतं. भिंतीवर एक नकाशा होता, त्याचा एक कोपरा वाळवीनं खाल्लेला. गुरुजी फळ्यावर काही लिहीत होते. रोवणीतल्या पोरी मागच्या ओळीत बसल्या होत्या. मंदा पाटीवर लिहीत होती, आणि तिचा डावा गुडघा खाली-वर, खाली-वर हलत होता. मांडीवर कुणी नव्हतं. धुरपता त्या गुडघ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. तिकडे बांधीतून देवका तिच्या नावानं ओरडत होती.

त्या वर्षापासून शकुनबाईच्या टोळीत धुऱ्यावर शकुनबाई बसू लागली. कारण कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. ठेका तीच बोले. दुसऱ्या टोळ्यांनी नावं ठेवली, मग दोन टोळ्यांनी तसंच केलं, एकीनं करून सोडलं. सरकारी अंगणवाडी टोलीत आली तेव्हा डोमा तिसरीत होता.

मंदा उन्हाळ्यात चौथी पास झाली. फार वर नाही, पण पास. टोलीची शाळा चौथीपर्यंतच होती. निकालाच्या दुसऱ्या दिवशी धुरपतानं दळण नसताना करडीचा रस्ता धरला. तुलारामनं विचारलं, "कोठी चाललीस?"

"पाचवी कोठी भरते ते पाहाले. आन रोवणीत वाटेतल्या नाल्याले पूर आला तं पोरी कोनीकडून जाते ते विचाराले."

"कोनाले विचारशीन?"

"जो भेटन त्याले," ती म्हणाली.